सत्तार शेठची पांढरी तार

लाल प्लस, काळी मायनस, पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची.

परवा आमच्या घरी कॅमेऱ्याची घंटी बसवायला मेडशीचा विलास वायरमन आला, तेव्हा मी त्याला हे घडाघडा म्हणून दाखवलं. गल्लीत सगळ्यांकडे आहे म्हणून आपल्याकडेही पाहिजेच, असा आमच्या हिचा हट्ट. फाटकावर बटण आणि काचेचा डोळा, घरात भिंतीवर छोटा टीव्ही. विलासनं सगळं बसवलं, बटण दाबलं, आणि टीव्हीवर माणूस दिसायच्या ऐवजी नुसत्या आडव्या रेघा पळायला लागल्या.

"माल चायनाचा आहे काका," विलास म्हणाला.

"माल राहू दे. तू तार लाइटच्या पाइपातून ओढली. ती वेगळी काढ, रेघा जातील. शेठकडेही तू हेच केलं होतं."

"तवा बी माल चायनाचाच होता," विलास म्हणाला, पण त्यानं तार वेगळी काढली. रेघा गेल्या. मग तो माझ्याकडे जरा आदरानं पाहायला लागला. "तुमी लाइटच्या हापिसात होते ना काका? तुमाले माहीत राहीनच."

होतो, पण बिलाच्या खिडकीवर. उभी नोकरी मी जाळीमागं बसून लोकांची बिलं घेतली आणि शिक्के मारले. तारेला हात लावायची वेळ आली नाही, आणि आली असती तर मी रजा टाकली असती. पण मंगरूळपीरच्या आमच्या गल्लीला हे अजून पटलेलं नाही. कुणाचा फ्यूज उडो, कुणाचा पंखा घरघर करो, पहिली हाक मला. हे चार रंग मी शिकलो ते समोरच्या सत्तार शेठच्या घरी, असाच नको असताना ओढला गेलो तेव्हा. शेठ जाऊन आता वर्ष होत आलं. घंटीचं बटण दाबून पाहताना त्यांची आठवण आली आणि मग ती दिवसभर गेली नाही.

सत्तार शेठचं बाजारात दोर, ताडपत्री आणि बारदान्याचं दुकान. सोयाबीनच्या दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसायची आणि एरवी माशी फिरकायची नाही. शेठना दोन्ही सारखंच. पोत्यांच्या थप्पीवर टाकलेल्या गादीवर ते बसलेले असायचे, डोक्यावर सुतळीचे गुंडे लोंबकळत, समोर रस्ता. दाढीला मेंदी लावायचे, पण वेळेवर कधीच नाही, त्यामुळे दाढी अर्धी लाल आणि अर्धी पांढरी. हात विलक्षण लांब. दोर मोजायला त्यांनी कधी मीटर वापरला नाही. दोन्ही हात फैलावायचे आणि छातीवरून दोर ओढायचा, तो एक वाव. शेठचा एक वाव म्हणजे दुसऱ्या दुकानातला सव्वा. गिऱ्हाईक हे ओळखून होतं, आणि शेठही ओळखून होते.

माणसाचं नाव ते लक्षात ठेवत नसत. गाव ठेवत. दुकानावरून जाणाऱ्या प्रत्येकाला गावाच्या नावानं हाक. "का बा मेडशी, ताडपत्री टिकली का?" "ओ शेलू, पाय दुखून राह्यला का? लंगडत चाल्ला." तोच माणूस बायकोबरोबर आला की बायकोला तिच्या माहेरच्या गावानं हाक, आणि ते कुठलं हे त्यांना कसं कळायचं देव जाणे. मला गाव नव्हतं, मी त्यांच्या घरासमोरच राहत होतो, म्हणून मी बिलबाबू. आधी मला याचा राग यायचा. नंतर गल्लीतली पोरंही बिलबाबू म्हणायला लागली, मग राग धरून काय करणार?

हाक मारली की चहा आलाच. दुकानासमोर रस्त्यापलीकडे चहाचं हॉटेल होतं. शेठ तिकडे न बघता नुसतं बोट वर करायचे. एक बोट, दोन बोटं, पंजा. तेवढे कप पलीकडून यायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, "शेठ, दिसेल त्याला चहा पाजता. हाक मारून सोडून दिलं तर नाही का चालत?"

शेठना ते समजलंच नाही. मी काहीतरी घाण बोललो असं तोंड केलं त्यांनी. "आवाज दिला अन् चहा नाई पाजला, तर आवाज कायले दिला मंग? कुत्रं बी आवाज देते बिलबाबू."

एकदा त्यांनी एसटी थांबवली होती. दुकानासमोर गतिरोधक आहे, तिथं गाडी हळू होते. वाशीमहून येणारा एक अनसिंगचा ड्रायव्हर शेठच्या ओळखीचा. शेठनी हाक मारली, "ओ अनसिंग!" ड्रायव्हरनं ब्रेक लावला, बोट वर झालं, पलीकडून कप आला आणि खिडकीतून आत गेला. मागं कंडक्टर दोरी ओढून ओढून घंटी वाजवतोय. गाडीतले लोक ओरडतायत. शेठ गादीवरून हात वर करून सगळ्या गाडीला सांगतायत, "थांबा ना बापा, गरम आहे, तोंड भाजन त्याचं!" गाडीतल्या एका म्हाताऱ्यानं खिडकीतून विचारलं, "अन् आमाले?" शेठनी दोन्ही पंजे वर केले. हॉटेलवाल्यानं कपाळाला हात लावला. त्या दिवशी गाडी उशिरा पोचली, पण तक्रार कुणी केल्याचं मी ऐकलं नाही.

असा हा माणूस एका सकाळी नमाजाआधी वजू करायला, हातपाय धुवायला वाकला आणि उठलाच नाही. अकोल्याला नेलं. डावा हात आणि डावा पाय गेला. जीभ राहिली. डॉक्टर म्हणाले नशीब समजा, आणि सगळ्यांनी समजलं.

घरी आणल्यावर त्यांची खाट मागच्या खोलीत टाकली, कारण न्हाणी तिकडे. पुढचा दिवाणखाना, मग स्वयंपाकघर, मग ती खोली. खिडकी होती, ती शेजारच्या भिंतीवर उघडायची. जन्मभर रस्त्याकडे तोंड करून बसलेला माणूस आता कॅलेंडरकडे तोंड करून पडला. पहिले काही दिवस लोक भेटायला आले, मग सोयाबीन कापणीला आलं आणि लोकांना कामं लागली. शेठ खाटेवरून हाका मारायचे, पण मधे दोन खोल्या. हाक रस्त्यापर्यंत पोचायची नाही. मग सुनेला विचारायचे, "नसीम, कोन गेलं?" थोड्या वेळानं पुन्हा, "आता कोन गेलं?"

नसीम म्हणजे मुलगा इरफानची बायको. कारंज्याची. बोलायला मोजकी, हाताला चलाख. घरातच शिलाई मशीन टाकून ती ब्लाउज शिवायची आणि साड्यांना पिको-फॉल करायची. मशीन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. गल्लीतल्या बायका सांगायच्या, दिलेल्या दिवशी देते तीच एक. "कोन गेलं?" म्हटलं की ती मशीन थांबवायची, दारापर्यंत जायची, पाहून यायची. "कोणी नाई अब्बा, बकरी गेली."

मग इरफाननं घंटी आणली. ती त्यानं बायकोची धावपळ वाचावी म्हणून आणली होती, बापासाठी नाही. पण टीव्ही लावायला मोकळा प्लग फक्त शेठच्या खोलीत होता. आणि तार किती लागेल हे शेठनी खाटेवरूनच सांगितलं, "घर मी बांधलं. फाटकापासून या खाटेपर्यंत किती वाव होते, मले पाठ आहे." दुकानाशेजारचा इलेक्ट्रिकवाला मीटरनं मोजून देत होता, पण इरफान म्हणाला, आम्ही दोरवाले, आम्हाला मीटर काय शिकवता? त्यानं बापानं सांगितले तेवढे वाव स्वतःच्या हातानं मोजून तार कापून आणली. इरफान उंचीनं आईवर गेलेला. हातही तिचेच.

तार स्वयंपाकघरात संपली.

मसाल्याच्या डब्यांच्या फळीपाशी विलास शिडी लावून उभा, हातात तारेचं टोक, आणि शेठची खाट अजून एक खोली मागं. खाली इरफान स्वतःच्या हातांकडे बघतोय. आतून शेठ विचारतायत, "पोचली का?" त्या दिवशी बाजार बंद. मग विलासनं जुना तुकडा शोधला आणि फळीच्या वर प्लास्टिकची पट्टी लावून तिथं जोड मारला. चार तारा, चार स्क्रू. "नंतर अखंड तार टाकून देतो," म्हणाला. वायरमनच्या तोंडचं 'नंतर' हे काय असतं हे मी वेगळं सांगायला नको. रेघा आल्या, मला हाक गेली, मी काही न समजता विलासशेजारी उभा राहिलो आणि विलासनं मला चार रंग समजावून सांगितले. नसीम खाली कांदा चिरत होती. तीही ऐकत होती.

रेघा गेल्या, चित्र लागलं, आणि शेठना रस्ता परत मिळाला.

खाटेवर उजव्या हाताशी टीव्ही. बाजूला एक बटण, ते दाबलं की बाहेरचं चित्र मिनिटभर दिसायचं, मग बंद पडायचं, मग पुन्हा दाबायचं. शेठचा अंगठा त्या बटणावरून निघेना. जेवतानाही घास नसीमनं भरवायचा, अंगठा तिथंच. आणि दुसऱ्या बटणानं आवाज बाहेर जायचा. पहिल्याच दिवशी भाजीवाली, तीही शेलूचीच, फाटकापुढून जात होती. भिंतीतून आवाज आला, "का वं शेलू, वांगे कसे दिले?" तिची टोपली पडता पडता राहिली. तिनं बटणाला हात जोडले आणि म्हणाली, "शेठ, तुमी भिंतीत बसले का?"

गल्लीचा नूरच बदलला. सिलिंडरवाला, शाळेतली पोरं, दर्ग्याचा रस्ता विचारणारे परगावचे लोक, सगळ्यांना भिंतीतून हाक. लोक स्वतः होऊन बटण दाबायला लागले. "शेठ, कसं काय?" आणि शेठ खूश. गावं परत पाठ व्हायला लागली. रंग परतला. डॉक्टरच्या गोळ्यांनी झालं नव्हतं ते त्या डब्यानं केलं, असं इरफान दुकानात सांगायचा. मीसुद्धा रोज ऑफिसच्या सवयीनं सकाळी बाहेर पडायचो, तर फाटकातून, "बिलबाबू, पेन्शनवाल्याले कायची घाई? या, चहा घेऊन जा."

आणि इथंच सगळी गोम होती. हाक तीच, चहाचं निमंत्रण तेच. शेठ आत खाटेवर पडल्या पडल्या बोट वर करायचे, एक बोट, दोन बोटं, आणि ओरडायचे, "नसीम, दोन!" पलीकडे हॉटेल नव्हतं. पलीकडे नसीम होती. मशीन थांबायचं, गॅस पेटायचा. एक कप गेला की दुसरा माणूस फाटकात. दूध संपायचं, ती शेजारून आणायची. कपाटात बायकांच्या साड्या पिकोवाचून पडून राहायला लागल्या. आमची हीच एकदा रागावून आली, "लग्नाचा ब्लाउज मागितला तर नसीम म्हणते उद्या. नसीम उद्या म्हणते!" शेठच्या हे ध्यानातही आलं नाही. चहा कुठून येतो याचा विचार त्यांनी आयुष्यात केला नव्हता. तो बोट वर केल्यावर यायचा.

मग एक दिवस आवाज गेला.

चित्र होतं, स्वच्छ. फक्त शेठची हाक बाहेर जाईना आणि बाहेरचं आत येईना. घंटी पण वाजेना. इरफाननं विलासला फोन केला, विलास वाशीमला कुठल्या साइटवर होता. "येतो, येतो," म्हणाला. दोन-तीन दिवस तो येतच होता. शेवटी इरफान माझ्या दारात. "काका, तुमी लाइटच्या हापिसातले."

मी टेस्टर घेऊन गेलो. तो मुलीनं दिला होता, कधी वापरला नव्हता.

शेठकडे पाहवेना. अंगठा बटणावर, टीव्हीवर रस्ता, आणि ते ओरडत होते. "ओ शेलू! अबे शेलू!" चित्रातला शेलू सायकल हातात धरून, खाली बघत निघून गेला. मागून भाजीवाली आली, थांबली, बटण दाबलं, वाट पाहिली, गेली. शेठनी चांगल्या हातानं खाटेच्या पट्टीवर दणका घातला. मग माझ्याकडे मान वळवली.

"बिलबाबू, मी कोनाले दिसत नाई. आता ऐकू बी येत नाई. मंग मी हाओ कुठी?"

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "थांबा शेठ, पाहतो." आणि फाटकावरचा डबा उघडला. चारही तारा घट्ट. आतल्या टीव्हीमागचं पाहिलं, घट्ट. राहिला तो स्वयंपाकघरातला जोड.

मी स्टूल ओढलं तशी नसीम फळीपुढे येऊन उभी राहिली. "तिकडे काई नाई काका. तिकडे उंदीर आहेत."

"उंदरानंच कुरतडलं असेल मग," मी म्हटलं आणि चढलो.

लाल जागेवर, काळी जागेवर, पिवळी जागेवर. पांढरी तार स्क्रूतून काढून बाजूला वळवलेली, आणि तिच्या उघड्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. नीट, कडा दाबून, शिवणीसारखी. मी स्टुलावरून खाली पाहिलं. खाली नसीम, हातात रिकाम्या कपांचा ट्रे.

"मीच काढली काका," ती म्हणाली. आवाज हळू, पण नजर खाली नव्हती. "चित्र राहू दिलं. पिवळीले हात नाई लावला. त्याईले रस्ता दिसला पाह्यजे, म्हनून. फक्त आवाज काढला." मग एकदम तिचे डोळे भरले. "हात नाई राह्यले काका माहे. मशीनवर बसलं की दोन, उठलं की पंजा. बोलू कोनाले? इरफानले सांगू तं ते म्हन्तीन अब्बा जगून राह्यले ना, चहाच तं आहे. अब्बाले सांगू? त्याईनं जिंदगीत कोनाले चहाबिगर जाऊ नाई दिलं."

मी स्टुलावरच उभा. वर तार, खाली ती. बिलाच्या खिडकीवर मी लोकांची पुष्कळ गाऱ्हाणी ऐकली, पण तिथं जाळी असायची.

"अन् आता तेही सहन नाई होत," ती म्हणाली. "ते आतून ओरडतात अन् कोनी वळून पाहत नाई. हे मले इथं ऐकू येते ना. जोडून द्या काका. कसम से, जोडून द्या. पन अब्बाले नका सांगू कोनं काढली ते."

मी टेप सोडवली नाही. आधी शेठना काहीतरी सांगून येऊ म्हणून खाली उतरलो आणि खोलीत गेलो. वाटेत खोटं तयार केलं. "शेठ, उंदरानं कुरतडली होती तार. आत्ता जोडतो."

शेठनी अंगठा बटणावरून उचलला. पुन्हा ठेवला नाही. थोड्या वेळात टीव्ही काळा झाला.

"बसा," ते म्हणाले.

मी बसलो. मग भिंतीपलीकडे नसीमचं मशीन सुरू झालं. थोडं चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. शेठ छताकडे बघत ऐकत होते.

"ऐकू आलं?" ते म्हणाले. "हे मशीन लय दिवस बंद होतं बिलबाबू. मले वाटलं काम नाई आलं तिले. मंग माहा आवाज गेला. अन् दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं. पडल्या पडल्या मानूस हिशोब लावते. दुसरं काम काय हाय मले?"

मी खोटं परत घेतलं नाही, पण पुढंही रेटलं नाही.

"तो उंदीर थकला असन बापा," शेठ म्हणाले. "जोडू नका."

"शेठ, मग हाक मारा ना नुसती. चहाचं म्हणू नका. सगळ्यांना कळतं, तुम्ही आजारी..."

त्यांनी तेच तोंड केलं, मी पूर्वी दुकानात घाण बोललो होतो तेव्हाचं. "चहाचं म्हनू नको? मंग आवाज कायले देऊ?" त्यांनी उशीवरच मान हलवली. "नाई. आवाज बंद तर बंद. तिले सांगजा, सामान जळलं, भेटत नाई आता. मले माहीत हाय हे तिले नका सांगू. लाज वाटन तिले."

म्हणजे घ्या आता. ती म्हणते जोडा पण सांगू नका, हे म्हणतात जोडू नका पण सांगू नका, आणि टेस्टर माझ्या हातात. मी स्वयंपाकघरात गेलो आणि म्हटलं, "नसीम, आतलं सामान जळलंय. आता मिळत नाही ते." ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोलण्यात हुशार नाही, आमची ही ते पहिल्या वाक्याला पकडते. नसीमनं एकदा वर त्या पांढऱ्या तारेकडे पाहिलं, एकदा खोलीच्या दाराकडे. मग तिनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "बरं," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. विलास आठवड्यानं उगवला तेव्हा मी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. तो म्हणाला, माल चायनाचाच होता.

मी एवढंच केलं, की गल्लीत सांगितलं. घंटी बिघडली आहे, दुरुस्त होत नाही, पण शेठना दिसतं. काही बोलू नका, हात करा. सुरुवातीला लोकांना भिंतीला हात करायची लाज वाटली. मग भाजीवालीनं केला, मग शेलूनं सायकल थांबवून सलाम केला, मग पोरं तर येता-जाता दोन्ही हात हलवायची. कामाचं माणूस कडी वाजवायचं. अकोल्याची पाटी असलेली एक गाडी एकदा गल्लीत रस्ता चुकून आली. आमच्या लोकांना भिंतीकडे बघून नमस्कार करताना पाहून त्यातल्या बाईनंही नमस्कार केला.

शेठना मी शेवटचं पाहिलं ते हिवाळ्याच्या एका दुपारी. मी आत गेलो तेव्हा त्यांना कळलं नाही. ते बारीक झाले होते, दाढी पूर्ण पांढरी झाली होती, मेंदी कुणी लावली नव्हती. अंगठा मात्र बटणावर. टीव्हीवर रस्ता. कुणीतरी आलं, फाटकासमोर थांबलं, हात वर केला.

"का बा मेडशी!" शेठ गरजले. पूर्ण आवाजात, दुकानातल्यासारखे. "कुठीसा निघाला? असा कसा चाल्ला? ये, चहा घेऊन जा!" आणि उजवा हात बटणावरून उचलून त्यांनी बोट वर केलं. "नसीम, एक!"

चित्रातला मेडशी हात खाली करून निघून गेला होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

"हाव अब्बा, पाठवते!" भिंतीपलीकडून नसीम तेवढ्याच जोरात ओरडली. मशीन थांबलं नाही.

मी दारातच उभा राहिलो. चित्रात भाजीवाली आली, तिनं हात केला. "ओ शेलू! या बाई, चहा घ्या! नसीम, दोन!" "हाव अब्बा, दोन!" मशीन चालूच. मग शाळेची पोरं आली, घोळकाच. शेठनी पंजा वर केला. "पंजा, नसीम!" "पाठवून राह्यली अब्बा, गरम आहे, तोंड भाजन पोराईचं!" शेठ हसले. तोंडाची एकच बाजू हसायची, पण तीही पुष्कळ होती.

मी त्यांना आवाज दिला नाही. आल्या पावली मागं फिरलो. स्वयंपाकघरातून जाताना नसीमनं मान वर केली, मी तिच्याकडे पाहिलं. फळीवर पांढरी तार तशीच बाजूला वळलेली होती, टेप घट्ट.

बाहेर आलो, फाटक लावलं, आणि त्या काचेच्या डोळ्यासमोर उभं राहून हात वर केला. भिंतीतून काहीच आलं नाही. आत ते काय म्हणाले असतील हे मला माहीत होतं.

"आत्ताच घेतला शेठ," मी म्हणालो, आणि घरी आलो.